सातव्या चेंबरी तारेचा डोळा उतरला त्याची हकीकत

श्री.

जे जळ प्रत्येकाच्या घरातून निघते आणि कोणाच्या दृष्टीस न पडता भूमीखालून जाते, त्या जळास आणि त्यास वाट मोकळी करून देणाऱ्या हातांस प्रथम दंडवत. त्याउपरी श्रोतीं सावध होऊन ऐकावे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ वद्य तृतीया, मंदवासर, ते दिवशी अकरा चेंबरांच्या राज्यात सातव्या चेंबरावर दोन डोळ्यांची परीक्षा जाहली, एक तारेचा आणि एक बिनतारी, आणि त्या परीक्षेत जे निघाले ते काढावयास कोणी गेले नव्हते. ती हकीकत येणेप्रमाणे.

राज्यास नाव नव्हते. सरकारी कागदी नंबर होता, तो कोणास पाठ नव्हता. पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस मंगल कार्यालयाची मागली भिंत, दक्षिणेस म्हशींचा गोठा आणि उत्तरेस ओढा, इतक्या हद्दीत भूमीखाली जुन्या विटांचे गटार आणि त्यावर अकरा चेंबर, आणि त्या अकरांवर सत्ता आईसाहेब हौसाबाई यांची. पती निवर्तले तेव्हांपासून वीस वर्षे कारभार त्यांनीच वाहिला. शाळेत दोन वर्षे गेल्या होत्या. तिसऱ्या वर्षी गुरुजींनी विचारिले की तुझ्या घरी काय काम करितात, आणि यांनी सांगितले, आणि गुरुजींनी यांस उठवून मागे दाराशी बसविले, तेव्हां पाटी उचलून ज्या घरी आल्या त्या परत गेल्या नाहीत. परंतु कान असा की पहारेचा एक ठोका झाकणावर मारावा, कान लावावा आणि सांगावे की आत गाळ गुडघाभर आहे की कंबरभर, आणि पुढे कोणाचे गोधडे अडकले आहे की हॉटेलवाल्याचे तूप थिजले आहे. आणि जीभ अशी की हॉटेलवाल्याने त्यांस रस्त्यात पाहिले म्हणजे तो दुकानात शिरून भांडी मोजू लागे. एकदा साहेब लोक तपासणीस आले आणि नाकास रुमाल लावून उभे राहिले, तेव्हां आईसाहेब बोलिल्या, "रुमाल काढा साहेब, तुमच्याच घरचे आहे, ओळख लागेल." मग साहेबांनी रुमाल काढिला आणि सही करून गेले.

आईसाहेबांस पुत्र दोन. थोरले खंडेराव, धाकटे भानुदास. गाळ फार बसला म्हणजे थोरल्यांनी आत उतरावे आणि धाकट्यांनी वर दोर धरावा, अशी रीत पडली होती. दोर हिरव्या नायलॉनचा, थोरल्यांच्या कंबरेस बांधलेला. त्या दोरावर वावावावास एकेक चिंधी बांधलेली असे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरिले तितकी लांबी. किती चिंध्या आत गेल्या ते मोजावे म्हणजे मनुष्य किती आत गेला ते वरच्यास कळे. ही युक्ती आईसाहेबांची स्वतःची, आणि तिचा त्यांस अभिमान फार. सुती चिंधी घाणीत कुजते म्हणोन आपले डाळिंबी नायलॉनचे पातळ, पिवळ्या काठाचे, ते फाडून चिंध्या केल्या आणि प्रत्येकीची गाठ आवळ्याएवढी स्वहस्ते बांधिली. दुसऱ्या कोणाची गाठ त्यांस पसंत नसे. सून उज्ज्वलाबाई, खंडेरावांचे कुटुंब, दहावी पास, एकदा म्हणाल्या की आत्याबाई, गाठ जरा बारीक बांधू का, तर उत्तर मिळाले की बारीक गाठ बारीक मनाच्या माणसाने बांधावी. मग त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

दोराची भाषा ठरलेली होती. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे ओढ. आणि या घराचा कायदा असा की हिसका आल्यावाचून वरच्याने दोर ओढू नये. ओढिला तर आत उतरलेल्याचा अपमान, की हा भ्याला असे मानून याला वर काढिले. पूर्वी एक वेळ धाकट्यांस राहवले नाही आणि त्यांनी हिसक्यावाचून ओढिले, तेव्हां खंडेराव अर्धी बादली घेऊन वर आले, बादली रस्त्यात आपटली आणि चार लोकांत बोलिले, "मी काय विहिरीत पडलेले मांजर आहे का रे." आणि आईसाहेब तेथे होत्या, त्याही धाकट्यांसच बोलल्या, "भावाच्या अकलेवर तुझी अक्कल चालवू नको. तुझे काम दोर धरायचे." धाकट्यांनी मान खाली घातली आणि ते वाक्य गाठीस बांधिले. हे श्रोतीं ध्यानात ठेवावे.

मग शके एकोणीसशें त्रेचाळीस, आश्विन मास, मंगल कार्यालयाकडील सातव्या चेंबरात थोरले उतरले. दोन वाव सरळ खाली, मग उजवे हातास विटांचा बोगदा, त्यात वाकून जावे लागे. पहिला हिसका आला. ठीक आहे. मग काही आले नाही. धाकटे दोर हाती धरून बसले आणि पाच चिंध्या आत गेलेल्या, सहावी हाताशी, ती तेथेच राहिली, पुढे जाईना आणि मागे येईना. हिसका नाही म्हणोन ओढायचे नाही. आईसाहेब भाकरी घेऊन आल्या आणि बोलिल्या, "किती वेळ झाला?" धाकटे म्हणाले, "झाला थोडा. झटका आला नाही." आईसाहेब तत्क्षणी बोलिल्या, "ओढ." तेव्हां धाकट्यांनी ओढिले, दोर येईना, आणखी ओढिले, आणि दोर तुटून हाती आला. मग आगीचा बंब आला, त्याचे लोक आठव्या चेंबराकडून शिरले, कंबरेचा दोर कापून थोरल्यांस बाहेर घेतले. आतला वारा विषारी होता. खंडेराव तेव्हांच गेले होते. वय छत्तीस. झाकणावर सिमेंट ओतून सातवे चेंबर बंद करण्यात आले, आणि तुटलेला दोर आतच राहिला, तो काढावयाची कोणास शुद्ध होती.

दहावे दिवशी आईसाहेबांनी निवाडा केला. चार भाऊबंद बसले होते. बोलिल्या, "दोर धरणारा झोपला." धाकट्यांनी एकदाच सांगितले की झटका आला नाही, आणि आईसाहेब म्हणाल्या, "मेलेला येऊन सांगणार नाही, तेव्हां जित्याने वाटेल ते सांगावे." त्या दिवसापासून मायलेकांचे बोलणे बंद. एका चुलीवरचे जेवण, एक आंगण, आणि बोलणे सुनेमार्फत. "उज्ज्वला, त्याला सांग गिरणीपुढे तुंबले आहे." "उज्ज्वला, त्याला सांग ताट वाढले आहे." धाकटे दोन हातांवर बसलेले असत आणि सगळे ऐकू येत असे, तरी उज्ज्वलाबाईंनी पुन्हा सांगावे, मग त्यांनी उठावे. आणि घरात दोर राहिला नाही. कपडे वाळत घालायची दोरी आईसाहेबांनी विळीने कापून चुलीत घातली, तेव्हांपासून कपडे कुंपणावर वाळत आणि काट्यांनी फाटत, परंतु कोणाची बोलण्याची प्राज्ञा नाही. ऐसी तीन वर्षे आणि चार मास गेले.

तो माघ मासी दोन गोष्टी एकदम जाहल्या. एक, मंगल कार्यालयात भर पंगतीत मोरीतून पाणी उलटे वर आले आणि जिलेबीच्या पराती तरंगल्या, कारण सातवे चेंबर तुंबले होते. दुसरी, सरकारातून सक्त ताकीद आली की येथून पुढे मनुष्य आत उतरवू नये, आत काय आहे ते डोळा घालून पाहावे आणि यंत्राने काढावे, आणि डोळा कोणता ते ज्याचे त्याने पसंत करावे. आणि तिसरी गोष्ट घरातली होती, ती उज्ज्वलाबाईंनी सांगितली, की भाऊजींनी परमुलखी एका कारखान्याच्या दारावर पहारेकऱ्याची चाकरी धरिली आहे, सोमवारी जायचे आहे, वळकटी बांधून ठेविली आहे. आईसाहेब तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता बोलिल्या, "त्याला सांग, दाराशी तरी जागा राहा." बोलून गेल्या, आणि नंतर खडा समजून किती तांदूळ फेकले त्याचा हिशेब राहिला नाही. थोरला भूमीने नेला आणि धाकटा आता आपण होऊन चालला, आणि जाऊ नको हे दोन शब्द तोंडाशी येत आणि दातांशी थांबत.

मग दोन्ही डोळ्यांचे वकील दाखल जाहले. बिनतारी डोळ्याचा वकील केतन नामे तरुण, इस्त्रीचा सदरा, त्याचा डोळा म्हणजे वीतभर चार चाकांची गाडी, पुढे दिवा आणि भिंग, आत बॅटरी, आणि चित्र हातातल्या फोनवर. तारेच्या डोळ्याचा वकील लतीफभाई मुलाणी, साठीचे, गुडघ्यांनी अधू, त्यांचा डोळा म्हणजे मोठ्या चाकावर गुंडाळलेली बोटभर जाडीची पिवळी तार, तिच्या टोकास अंजिराएवढे भिंग, आणि पेटीत पडदा. बांबू ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये सदर भरली. आईसाहेब बादली पालथी घालून मध्यभागी बसल्या आणि म्हणाल्या, "बोला. पण मला समजेल असे बोला, नाहीतर मला समजले असे समजून बोलू नका."

केतन म्हणाला, "आजी, तार म्हणजे जुना जमाना. तार वळणावर अडते, गुंडाळायला दोन माणसे लागतात, घाण सगळी अंगावर. ही गाडी सोडा, ती जाते, वळते, आपण खुर्चीत बसायचे." लतीफभाई म्हणाले, "वळते ते खरे. माझी तार तिसऱ्या वळणाला रुसते, खोटे कशाला सांगू. आणि चाक उचलून माझे गुडघे गेले, तेही खरे. पण बाई, जमिनीखाली माती बिनतारी लहर खाते. वरून हुकूम सुटला तो खाली पोचला की नाही, हे गाडी सांगायची कशी?" केतन म्हणाला, "चाचा, तो प्रश्न जुन्या मॉडेलला होता." लतीफभाई म्हणाले, "माती पण जुनीच आहे, बाबा."

धाकटे भिंतीशी उभे होते. ते उज्ज्वलाबाईंकडे पाहून बोलिले, "वहिनी, आयेला सांगा, तारेचा घ्यावा. अडकला तर हाताला कळते, आणि मागे ओढता येतो." आईसाहेबांनी मान वळविली नाही आणि बोलिल्या, "उज्ज्वला, त्याला सांग, त्याच्या हाती एकदा दोर देऊन पाहिला." शेडमध्ये पाल चुकचुकली ती सर्वांस ऐकू आली. लतीफभाईंनी आपल्या तारेकडे पाहिले आणि केतनने फोनकडे. मग उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "आत्याबाई, कोणताही घ्या. माणूस आत जायला नको एवढेच बघा. मला दुसरे काही मागायचे नाही." आईसाहेब उठल्या आणि बोलिल्या, "दोर या घरात येणार नाही. गाडीचा घेऊ. पण आधी सातव्यात घालून दाखवा. तुंबले तेथे तपासल्यावाचून मी घरात चमचासुद्धा घेत नाही." ऐसा ठराव होऊन सदर मोडली.

शनिवारी सकाळी सिमेंट फोडून सातव्याचे झाकण उघडिले. पहारेचा पहिला ठोका आईसाहेबांनी मारावा अशी रीत, परंतु त्यांनी पहार उज्ज्वलाबाईंच्या हाती दिली आणि आपण गिरणीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वारा निघून जावयास दोन घटका थांबले. पाणी उपसायचे यंत्र आणविले होते, त्याने तुंबलेले पाणी ओढून काढिले, खाली गाळ उरला. मग केतनने आकड्याच्या बांबूने आपली गाडी खाली सोडिली, दिवा लागला, आणि फोनवर विटांची भिंत स्वच्छ दिसू लागली, एकेक वीट, एकेक झुरळ. भोवती जमलेले लोक वाहवा करू लागले. गिरणीवाला म्हणाला, "टीव्हीपेक्षा बरे दिसते." गाडी उजवीकडे बोगद्यात वळली आणि चित्र फुटू लागले, चौकोन चौकोन जाहले, मग एक चौकोन तेथेच थिजला आणि हलेना. केतनने फोन उंच धरिला, खाली धरिला, चेंबरात वाकून धरिला. म्हणाला, "येईल. आपोआप मागे यायची सोय आहे." थांबले. आणखी थांबले. गाडी आली नाही. खाली तिच्या चाकांचा आवाज प्रथम येत होता, मग तोही राहिला.

हे थांबणे आईसाहेबांस ओळखीचे होते. असेच लोक उभे होते, असेच आत पाहत होते, आणि आतून काही येत नव्हते. केतन रडवेला होऊन म्हणाला की गाडी कंपनीची आहे, माझी नोकरी जाईल. तो इकडे धाकट्यांनी सदरा काढून झाकणाशेजारी ठेविला, चपला काढिल्या, आणि लोखंडी पायरीवर एक पाय टाकून बोलिले, "मी आणतो. दोर कोणाकडून तरी मागून आणा, आणि तो आयेने धरावा. मग तिलाही कळेल, काही न येता धरून बसणे कसे असते."

तीन वर्षांत भानुदास इतके बोलिले नव्हते. उज्ज्वलाबाईंनी त्यांचा दंड धरिला. आईसाहेब बोलिल्या, "उज्ज्वला, त्याला सांग, सदरा घाल." उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "आत्याबाई, आज तुम्ही सांगा." परंतु आईसाहेबांच्याने ते झाले नाही. तेव्हां लतीफभाई मध्ये आले आणि म्हणाले, "अरे बाबा, बाहेर ये. माझी तार कशाला आणली आहे? ती जाईल. तू फक्त ढील दे, माझे गुडघे बसू देत नाहीत." धाकटे बाहेर आले, उघड्या अंगाने चेंबराच्या काठी बसले आणि पिवळी तार हाती घेतली. तिच्यावर गाठ नव्हती, चिंधी नव्हती, लांबीचे आकडे तिच्या अंगावरच छापलेले होते. ती तार त्यांच्या बोटांमधून जाऊ लागली आणि आईसाहेबांनी पाहिले की भानुदासाचे हात विसरले नाहीत, जेथे ढील तेथे ढील देत आहेत आणि जेथे थांबावे तेथे थांबत आहेत. झोपणाऱ्याचे हात असे नसतात हे त्यांच्या मनात आले, आणि ते मनात आलेले त्यांनी मागे सारिले.

पडद्यावर चित्र आले. मळकट होते, परंतु तुटत नव्हते. एक वाव, दोन वाव, मग वळण. वळणावर तार अडली, धाकटे म्हणाले, "काहीतरी आहे, हाताला लागते," आणि त्यांनी जोर केला नाही, जरा मागे घेतली आणि बोटाने फिरविली, तेव्हां भिंगाचे तोंड वर जाहले. जुनी एक लोखंडी पायरी भिंतीतून अर्धी निखळून वाकलेली होती. पायरी आणि वीट यांमध्ये फट होती, आणि त्या फटीत हिरवा दोर. दोरावर गाठ. गाठ आवळ्याएवढी, फटीत मेखेसारखी बसलेली, तिच्या अलीकडे तुटके टोक लोंबते, आणि पलीकडे दोर अंधारात गेलेला. दिव्याच्या उजेडात गाठीचा रंग काळा दिसला, मग भिंगावर ओघळलेले पाणी खाली गेले आणि डाळिंबी दिसला, आणि कडेस पिवळा काठ. सुती असती तर कुजून गेली असती. नायलॉन कुजत नाही.

केतनची गाडी दीड वाव पुढे गाळात उपडी पडली होती, तीही दिसली, परंतु तिजकडे कोणी पाहिले नाही. लतीफभाई परमुलखातले, त्यांस मागले काही ठाऊक नव्हते. ते पडद्याशी वाकून जाणत्याच्या सुरात बोलिले, "हे बघा. ही गाठ अशी बसली आहे की वरून हिसका दिला तर खाली जायचा नाही आणि खालून दिला तर वर यायचा नाही. मधल्यामध्ये मेला. दोराला चिंध्या कशाला बांधायच्या? कोणा अडाण्याचे काम आहे हे."

आईसाहेबांस अडाणी म्हणोन कोणी तोंड घेऊन परत गेला नव्हता. गिरणीवाला दोन पावले मागे सरला. उज्ज्वलाबाईंनी पदर तोंडास लाविला, कारण त्यांनी तो काठ ओळखिला होता आणि बारीक गाठीची गोष्ट त्यांस आठवली होती, ती त्यांनी तेव्हांही काढिली नाही आणि पुढेही कधी काढिली नाही. आईसाहेब पडद्याजवळ गेल्या. वाकल्या. आपले बोट काचेवर ठेविले, जेथे गाठ होती तेथे. खंडेरावाने हिसके दिले होते. किती दिले असतील, तीन दिले असतील, मग पुन्हा तीन, आणि वाट पाहिली असेल की आता ओढतील, आणि मध्येच वळणावर आपल्या आईच्या पातळाने तो निरोप धरून ठेविला. हे सर्व त्यांस एका क्षणात कळले. आणि त्या सरळ उभ्या राहून बोलिल्या, "अडाणी मीच. गाठ माझी आहे."

मग आईसाहेब धाकट्यांसमोर बसल्या, चेंबराच्या काठी, ओल्या गाळात, आणि मध्ये सुनेस न घालता बोलिल्या, "भान्या. तुला ठाऊक होते?"

भानुदासांनी तार सोडिली नाही. खाली पाहून बोलिले, "ओढला तेव्हां हाताला कळले. काहीतरी जाड अडकले म्हणून. दोराला जाड दुसरे काय होते."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तेव्हां पाणीसुद्धा पीत नव्हतीस, आये. म्हटले, मी झोपलो होतो असे समजून जेवशील तर जेव."

आईसाहेब बसूनच राहिल्या. रडल्या नाहीत, त्यांस ते जमत नसे, परंतु त्यांनी भानुदासाचा सदरा उचलिला, झटकला, आणि त्याच्या उघड्या खांद्यांवर घातला, जसा लहान मुलास घालावा तसा, आणि बाही शोधावयास त्यांस फार वेळ लागला. मग तारेच्या टोकास आकडा लावून भानुदासांनी केतनची गाडी ओढून वर काढिली आणि केतनने ती पुसून सदऱ्याच्या पोटाशी धरिली. तो जाताना म्हणाला, "आजी, मग तारेचाच घेता ना?" आईसाहेब बोलिल्या, "तुझा डोळा वाईट नाही, बाळ. उघड्या ओढ्यावर चालेल. पण आमचे लोक जेथे गेले तेथून मागे ओढून आणता येईल असाच मला पाहिजे." आणि लतीफभाईंस म्हणाल्या, "तुमचे चाक येथेच ठेवा. आणि हा आकड्यांचा रंग उडाला तर मला सांगा. वर काही बांधू नका." लतीफभाईंनी मान डोलाविली. तो दोर तारेने निघाला नाही. गाठ फार बसली होती. तो आजही तेथेच आहे.

येथे श्रोते म्हणतील की मायलेकांचे मिटले, मग धाकटे राहिले असतील. ते राहिले नाहीत. शब्द दिला होता, आणि तीन वर्षे चार मास ज्या आंगणात मनुष्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसला, ते आंगण एका सकाळीत आपले होत नाही. आईसाहेबांनीही राहा म्हटले नाही. म्हणण्याचा आपला हक्क आपण चुलीत घातला हे त्या जाणून होत्या. रविवारी बाजारातून दोरी आणविली, स्वहस्ते आंगणात बांधिली, आणि भानुदासाचा तो गाळाने भरलेला सदरा धुवून तिजवर वाळत घातला. कुंपणावर घातला असता तर फाटला असता. उज्ज्वलाबाईंनी तारेचे चाक पुसून शेडमध्ये ठेविले आणि पडदा पाहण्याचे काम आपणाकडे घेतले, आणि आईसाहेबांनी सर्वांदेखत जुना कायदा मोडिला, तो असा, की वर बसणाऱ्यास जेव्हां वाटेल तेव्हां त्याने ओढावे, हिसका येवो अथवा न येवो, आणि आतल्याचा अपमान झाला तर त्याने वर येऊन शिव्या द्याव्या, त्या ऐकून घेतल्या जातील.

सोमवारी सकाळच्या एसटीवर आईसाहेब स्वतः गेल्या. वळकटी त्यांनीच डोक्यावर घेतली, देईनात. गाडी लागली, भानुदास खिडकीशी बसले आणि आईसाहेब खाली उभ्या. बोलावयाचे पुष्कळ होते आणि सवय मोडलेली होती. शेवटी बोलिल्या, "तेथे काही झाले तर तीन हिसके दे."

भानुदास किंचित हसले आणि म्हणाले, "एवढ्या लांबून कळायचे नाहीत, आये."

आईसाहेब बोलिल्या, "नाही कळले तरी ओढीन."

मग गाडी निघाली.

एवंच, तारेचा डोळा राज्यास आला तो असा. अकरा चेंबर वाहत आहेत, आत कोणी उतरत नाही. खंडेराव गेले ते सातव्यात गेले, भानुदास गेले ते हयात आहेत. दर शनिवारी आईसाहेब सुनेकडून फोन लावून घेतात आणि जेवलास का विचारितात. तिकडून फोन येण्याची वाट पाहत नाहीत.